प्रबंधाशेजारची वही

माझी पीएच.डी.ची मौखिक परीक्षा २१ नोव्हेंबर २०२४ रोजी पार पडली. त्यानंतर नव्याने नोंदणी केलेल्या तीन-चार विद्यार्थिनींनी मला जवळजवळ एकच प्रश्न विचारला: प्रबंधाचे लिखाणच वेळेत होत नसताना, महिन्याला एक मराठी टिपण लिहून ते कोणालाही वाचता येईल असे खुले ठेवण्याचे काम तुम्ही इतकी वर्षे का केले, आणि त्यात तोटा झाला नाही का? तोटा झाला, आणि तो माझ्यापेक्षा दुसऱ्या एका कुटुंबाला अधिक झाला. त्याविषयी पुढे लिहितेच. मात्र ते लिहिले नसते तर द्राक्षबागांतल्या मजूर स्त्रियांची मजुरी कोणाच्या हातात पडते हे सांगणारे माझ्या प्रबंधातले चौथे प्रकरण झालेच नसते. म्हणून जे घडले ते त्याच क्रमाने सांगते.

मी नाशिकच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवत होते. सेट ही प्राध्यापकपदाची राज्यस्तरीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण असल्यामुळे प्रवेश परीक्षेतून सूट मिळाली; मुलाखत सप्टेंबर २०१८ मध्ये झाली आणि नोंदणीचे पत्र हाती पडायला जानेवारी २०१९ उजाडला. ते पत्र जपून ठेवावे, कारण पुढच्या सगळ्या मुदती त्यावरच्या तारखेपासून मोजल्या जातात आणि विद्यापीठ अनुदान आयोगाची कोणत्या वर्षीची नियमावली आपल्याला लागू आहे हेही त्यावरूनच ठरते. मला २०१६ ची लागू होती: किमान तीन आणि कमाल सहा वर्षे, स्त्रियांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत, दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती अहवाल, आणि प्रबंध सादर करण्यापूर्वी एक प्रकाशित शोधनिबंध व परिषदांमध्ये दोन सादरीकरणे. २०२२ च्या नियमावलीत शोधनिबंधाची सक्ती राहिली नाही. पण आधी नोंदणी झालेल्यांनी ती आपल्याला लागू आहे असे परस्पर गृहीत धरू नये.

विषय होता नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागांमध्ये हंगामी काम करणाऱ्या स्त्रिया. पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतून दिंडोरी, निफाडकडे दरवर्षी टोळ्या येतात, बागेच्या कडेला किंवा शेडमध्ये राहतात आणि पावसाच्या तोंडाशी नागली-भाताच्या शेतीसाठी परत जातात. हे मी लहानपणापासून पाहत आले होते, आणि पाहिलेले असल्यामुळेच ते आपल्याला ठाऊक आहे असा माझा समज होता.

पूर्वतयारीचा अभ्यासक्रम २०१९ च्या उन्हाळ्यात सुरू झाला. संशोधन पद्धतीच्या तासाला आमच्या बाईंनी सी. राइट मिल्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचे १९५९ मधले एक परिशिष्ट वाचायला दिले. संशोधकाने कायम एक संचिका ठेवावी आणि तिच्यात स्वतःचे जगणे व अभ्यास एकमेकांशेजारी नोंदवत राहावे, असे तो त्यात सांगतो. त्या शनिवारी, ३ ऑगस्टला, मी मेन रोडवरून ६० रुपयांची एक जाड वही आणली. डाव्या पानावर पाहिलेले आणि ऐकलेले, उजव्या पानावर त्याबद्दल मला वाटलेले, आणि दोन्हींवर तारीख, एवढाच नियम केला. सहा वर्षांत अशा ११ वह्या झाल्या आणि त्यांना सगळे मिळून ७०० रुपयेही लागले नाहीत.

डिसेंबर २०१९ मध्ये दिंडोरी तालुक्यातल्या एका बागेत मण्यांची विरळणी, म्हणजे घडातले जास्तीचे मणी कात्रीने काढण्याचे काम, चालू होती. त्या दिवशीच्या डाव्या पानावर मी एका बाईच्या हातांविषयी लिहिले आहे. उजव्या अंगठ्याला जुन्या लुगड्याची चिंधी तिहेरी गुंडाळलेली, कारण कात्रीची कडी दिवसभर त्याच जागी घासते. डाव्या तळव्यावर घड खालून तोलून धरलेला. मान वर, आणि नजर मण्यांच्या मधल्या जागेवर, कारण कोणता मणी ठेवायचा यापेक्षा तो फुगल्यावर त्याला जागा कुठे लागेल हे आधी पाहावे लागते. एक घड हातावेगळा करून ती पुढच्या घडाकडे वळली तेव्हा मी मनात मोजत होते. मिनिटही झाले नव्हते. उजव्या पानावर त्या दिवशी एकच वाक्य आहे: ‘याला अकुशल काम कोणी म्हटले?’

याच सुमारास पहिल्या प्रगती अहवालाचा मसुदा मी इंग्रजीत लिहीत होते, आणि त्यात मजुरी कुटुंबाला अदा केली जाते अशा अर्थाचे एक नीटनेटके वाक्य होते. मार्गदर्शक सरांनी ते वाचले, समितीतल्या एका सदस्यांनीही वाचले, आणि कोणालाच त्यात काही खटकले नाही. १९ जानेवारी २०२० च्या रविवारी मी तोच मजकूर मराठीत, दीड पानात, ज्यांचा समाजशास्त्राशी संबंध नाही अशांसाठी लिहून पाहिला आणि आईला वाचून दाखवला. आई अंगणवाडी सेविका होती. तिने मला मध्येच थांबवून विचारले, ‘दिली जाते म्हणजे कोणाच्या हातात?’ मला उत्तर देता आले नाही. चार महिने बागांमध्ये जाऊन, मुकादमाला दिली जाणारी उचल म्हणजे आगाऊ रक्कम, एकरावर ठरणारा उक्ता (ठोक) दर, टोळीतली वाटणी या सगळ्याच्या नोंदी माझ्याकडे होत्या. पण कात्री चालवणाऱ्या बाईच्या हातात तिच्या कामाचे पैसे येतात की नाही, हे मी एकीलाही विचारले नव्हते. माझी प्रश्नावलीच मुळी कुटुंब हे एकक धरून केलेली होती.

ते दीड पान म्हणजे माझे पहिले टिपण. आईच्या प्रश्नानंतर मी प्रश्नावली बदलली, आधी झालेल्या १४ मुलाखती पुन्हा घेतल्या, आणि ठरवले की प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या रविवारी एक टिपण मराठीत लिहायचे आणि ते इंटरनेटवर खुले ठेवायचे, म्हणजे परीक्षक नसलेला माणूसही मला असा प्रश्न विचारू शकेल.

सरांना हे सुरुवातीला पटले नाही. त्यांचे म्हणणे काळजीपोटी होते: या लिखाणाला कुठे गुण नाहीत, नोकरीच्या मुलाखतीत ते कोणी विचारणार नाही, आणि कल्पना उघड्यावर ठेवली की ती दुसरा कोणी उचलतो. पहिल्या दोन मुद्द्यांवर ते बरोबर होते. त्या टिपणांचा मला कुठल्याही अर्जात उपयोग झालेला नाही. तिसऱ्या मुद्द्याचा मी पुष्कळ विचार केला. टिमोथी गॉवर्स या ब्रिटिश गणितज्ञाने जानेवारी २००९ मध्ये एक अवघड प्रश्न आपल्या ब्लॉगवर जाहीरपणे मांडला आणि अर्धवट, चुकीचे विचारही तिथेच लिहा असे सर्वांना सांगितले. काही आठवड्यांतच अनेकांनी मिळून तो सोडवला आणि निबंध ‘पॉलिमॅथ’ या सामाईक नावाने प्रसिद्ध झाला. हे उदाहरण वाचून मला धीर आला, कारण तारखेसह उघड लिहिलेली गोष्ट आधी कोणी लिहिली हे दाखवायला ती तारीखच पुरेशी असते. पण गणितात आणि माझ्या विषयात एक मोठा फरक आहे, आणि तो मला तेव्हा नीट समजला नव्हता. प्रमेयाला गाव नसते, नातेवाईक नसतात, पुढच्या हंगामात टोळीत घेतील की नाही ही चिंता नसते.

मला अधिक जवळचे उदाहरण इरावती कर्वे यांचे वाटते. पंढरीच्या वारीत चालताना आलेला अनुभव त्यांनी ‘वाटचाल’ या मराठी लेखात लिहिला. त्यात त्या स्वतः आहेत, त्यांची अस्वस्थता आहे, एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा मंडळींचा स्वयंपाक वेगळा होतो याचे दुःख आहे. तोच लेख भाषांतरित होऊन १९६२ मध्ये आशियाविषयक अभ्यासाच्या एका इंग्रजी नियतकालिकात आला आणि वारीचा अभ्यास करणारे आजही त्याचा संदर्भ देतात. आधी आपल्या भाषेत, आपल्या माणसांसाठी लिहिलेले पुढे विद्येच्या व्यवहारातही टिकते, हे मी सरांना या लेखाचा दाखला देऊन सांगितले. त्यांनी तो वाचून आठ दिवसांनी परत दिला आणि ‘लिहा, पण समितीला कळवून लिहा’ एवढेच म्हणाले. हा सल्ला मी इतरांनाही देईन. समितीला लेखी कळवले असेल तर नंतर काही चुकले तरी ते लपवून केले असे होत नाही.

मार्च २०२० मध्ये बागांमध्ये काढणी चालू असतानाच टाळेबंदी लागली. मला जाता येईना, आणि अनेक टोळ्यांना परतही जाता येईना. पुढचे पाच महिने माझे क्षेत्रकार्य फोनवर झाले. त्या काळातली वही आज उघडली की डाव्या पानांवर फार थोडे दिसते आणि उजवी पाने भरलेली आहेत, आणि त्यांतली बरीच नुसती माझी भीती आहे: शिकवण्याच्या तासिका बंद, म्हणजे मानधन बंद, मुदत मात्र चालू. पीएच.डी.चा विद्यार्थी एकटा असतो हे ऐकले होते. त्या वर्षी ते अनुभवले. जूनमधल्या टिपणात मी याविषयी चार ओळी लिहिल्या, तेव्हा नांदगाव, जळगाव आणि नगरहून तीन अनोळखी संशोधकांनी मला लिहिले. त्यांच्यापैकी एकीबरोबर मी पुढे दर बुधवारी फोनवर एक तास ‘आपापले लिहीत बसण्याचा’ क्रम चार वर्षे चालवला. आम्ही बोलत नसू. फोन चालू ठेवून दोघी लिहीत असू.

चुका दुरुस्त करणारेही भेटले. एका टिपणात मी टोळ्या ऑक्टोबरात येतात आणि मार्चअखेर जातात असे ठामपणे लिहिले होते. निफाड तालुक्यातल्या एका बागायतदार काकांनी कळवले, ‘ताई, तुम्ही फक्त ऑक्टोबरची, फळासाठीची गोडी छाटणी धरली. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फुटी काढायला कोण येतं ते पाहा.’ मी मे २०२१ मध्ये पाहायला गेले. काही कुटुंबे खरोखर थांबली होती आणि त्या दोन महिन्यांचा दर वेगळा होता. हे परीक्षकाच्या नजरेस आले असते तर संपूर्ण आकडेवारी नव्याने करावी लागली असती. एका वाचकामुळे ते तीन वर्षे आधी कळले.

आता झालेल्या तोट्याविषयी. फेब्रुवारी २०२१ च्या टिपणात मी एका टोळीत मुकादमाने दवाखान्याच्या खर्चापोटी मजुरी कशी कापली ते लिहिले. नाव, गाव, तालुका, सगळे बदलले होते. पण एकाच घरात दिलेल्या तीन सख्ख्या बहिणी, हा तपशील मी ठेवला, कारण तो मला हृद्य वाटला होता. मुकादमाच्या पुतण्याने ते फोनवर वाचले. पुढच्या ऑक्टोबरात त्या कुटुंबाला टोळीत घेतले नाही. मला हे नोव्हेंबर २०२१ मध्ये, दुसऱ्याच बाईकडून, बोलता बोलता कळले. ती म्हणाली, ‘ताई, तुमी चांगलंच लिवलं व्हतं. पण ते घर वळखू आलं ना.’

त्या रात्री मी टिपण काढून टाकले. दुसऱ्या दिवशी सरांना सांगितले, आणि सहामाही अहवालात ‘संशोधनातील अडचणी’ या रकान्यात जे घडले ते जसेच्या तसे लिहिले. त्या कुटुंबाच्या घरी सुरगाण्याला दोनदा गेले. पहिल्या खेपेला त्यांनी चहा दिला आणि या विषयावर कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या खेपेला मोठ्या बहिणीने विचारले, ‘आता परत लिहिणार का?’ मी म्हटले, तुम्हाला वाचून दाखवल्याशिवाय नाही. त्यांच्या बुडालेल्या हंगामाची भरपाई माझ्याकडून होऊ शकली नाही.

मुलाखतीपूर्वी प्रत्येकीकडून मी संमतीपत्रावर सही किंवा अंगठा घेतला होता, आणि त्या कागदाचा इथे काहीही उपयोग नव्हता. संमती मुलाखतीला होती. माझ्या रविवारच्या लिखाणाला कोणी संमती दिलेली नव्हती. यानंतर मी चार महिने टिपणे थांबवली. पुन्हा सुरू केली ती वेगळ्या रीतीने: माणसांविषयीचे टिपण एक हंगाम उलटून गेल्याशिवाय खुले करायचे नाही; ज्या व्यक्तीविषयी आहे तिला ते आधी फोनवर वाचून दाखवायचे आणि तिने काढ म्हटलेले वाक्य कारण न विचारता काढायचे; आणि जो तपशील आपल्याला सगळ्यात आवडला आहे तोच ओळख पटवणारा असण्याची शक्यता सर्वाधिक आहे असे धरून चालायचे. मानव्यविद्यांतील संशोधन करणाऱ्या प्रत्येकाने हे खुले लिखाण सुरू करण्याच्या आधीच ठरवावे. मी नंतर ठरवले.

पुढची दोन वर्षे लेखनात गेली आणि त्यांविषयी सांगण्यासारखे थोडेच आहे. शोधनिबंध एका नियतकालिकाने ११ महिन्यांनी स्वीकारला. संपादकांना पत्र पाठवतानाच या विषयावर मराठीत काही टिपणे खुली आहेत असे मी कळवले होते; त्यांनी हरकत घेतली नाही, पण प्रत्येक नियतकालिकाचे धोरण वेगळे असते, म्हणून हे आधीच विचारलेले बरे. प्रबंधाचा साम्य अहवाल, म्हणजे त्यातला मजकूर इतर लेखनाशी किती जुळतो याची तपासणी, पहिल्यांदा १६ टक्के आला. वाङ्मयचौर्याविषयीच्या आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यावर कारवाई नसते. तपासून पाहिले तर ७ टक्के साम्य माझ्याच प्रकाशित निबंधाशी होते. ते प्रमाणपत्र देऊन वगळले गेले, आणि पद्धतीविषयीचे प्रकरण मी पुन्हा लिहिले. टिपणे मराठीत आणि प्रबंध इंग्रजीत असल्याने त्यांचा प्रश्न आला नाही. ज्या मराठीतून प्रबंध लिहीत आहेत त्यांनी आपले खुले लेखन संदर्भसूचीत घालावे आणि मार्गदर्शकांना त्याची यादी तारखांसह आधीच द्यावी.

२८६ पानांचा प्रबंध १२ फेब्रुवारी २०२४ रोजी सादर केला. पाच प्रतींची छपाई आणि बांधणी ६,२०० रुपयांत झाली. नोंदणीपासूनचे शुल्क सगळे मिळून ८४,००० च्या आसपास गेले, आणि सहा वर्षांत स्कूटरच्या पेट्रोलला ३१,००० लागले. मूल्यमापन सहा महिन्यांत पूर्ण व्हावे असे नियमावलीत आहे. मला नऊ महिने लागले, कारण एका परीक्षकांचा अहवाल उशिरा आला. या काळात दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लेखी चौकशी करावी आणि पोच घ्यावी. फोनवरची उत्तरे नंतर सापडत नाहीत. वाट पाहण्याचे ते नऊ महिने मला प्रत्यक्ष संशोधनापेक्षा जड गेले.

मौखिक परीक्षा खुली असते, म्हणून आई आली होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सादरीकरणानंतर पहिलाच प्रश्न विचारला: कुटुंबाऐवजी व्यक्ती हे एकक तुम्ही केव्हा आणि कशामुळे स्वीकारले? मी दुसरी वही सोबत नेली होती. तारीख वाचून दाखवली, आईचा प्रश्न वाचून दाखवला, आणि त्यापुढचे उजवे पान, ज्यावर ‘मी विचारलेच नाही’ हे तीनदा लिहिलेले आहे, तेही वाचले. परीक्षकांनी वही हातात घेऊन काही पाने चाळली. नंतर त्यांनी फेब्रुवारी २०२१ च्या घटनेविषयी विचारले, कारण मी ती पद्धतीच्या प्रकरणात लिहिली होती, आणि त्या प्रश्नावर आम्ही वीस मिनिटे बोललो. मागच्या रांगेत आई ताठ बसून ऐकत होती.

पदवीची अधिसूचना १२ डिसेंबरला निघाली. त्याच आठवड्यात मी प्रबंधाचा १६ पानी मराठी सारांश मोठ्या अक्षरांत छापून घेतला; १०० प्रतींना २,४०० रुपये लागले. मी ६२ स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या होत्या. जानेवारी २०२५ मध्ये बागांमधून हिंडून त्यांतल्या २३ जणी भेटल्या. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना शेडमध्ये बसून चौथे प्रकरण वाचून दाखवले. मजुरी कोणाच्या हातात पडते हा भाग आला तेव्हा दोघींनी एकमेकींकडे पाहिले आणि तिसरी म्हणाली, ‘हे मुकादम असताना नका वाचू.’ मी तिथेच थांबले.

त्या तीन बहिणींचे कुटुंब बागेत नव्हते. सुरगाण्याच्या घराला कुलूप होते. शेजारच्या आजींनी सांगितले, सगळे गुजरातकडे कामाला गेलेत, होळीला येतील. पुस्तक माझ्याकडे ठेवून जा, मी देईन. मी प्रत पिशवीतून काढलीही होती. मग ती परत आत ठेवली आणि होळीला येते असे सांगून निघाले. ती प्रत अकराव्या वहीत आहे.